मोठा तुरेवाला सुरय ओळखताना आधी कपाळ पाहा, मग चोच

वाळूच्या दांड्यावर शंभरेक सुरय, म्हणजे टर्न हे समुद्रपक्षी, वाऱ्याकडे तोंड करून बसले आहेत, आणि त्यातला मोठा तुरेवाला कोणता, लहान तुरेवाला कोणता हे ठरवायचं आहे. बहुतेक जण थेट चोचीच्या रंगाकडे जातात. पिवळी म्हणजे मोठा, नारिंगी म्हणजे लहान. पुस्तकात हे बरोबरच आहे. किनाऱ्यावर मात्र सगळ्यात जास्त चुकीच्या नोंदी याच एका खुणेमुळे होतात. सकाळच्या कोवळ्या आणि संध्याकाळच्या तांबूस उन्हात पिवळी चोच सरळ नारिंगी दिसते, भर दुपारी ढगाळ उजेडात नारिंगी चोच फिकी पडते, आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांच्या चोचीचा रंग तर दोन्ही प्रजातींत मधलाच कुठलातरी असतो. म्हणून चोचीचा रंग शेवटी बघायचा. आधी आकार, मग कपाळ, मग चोचीची ठेवण, मग पाठीचा रंग, आणि हे सगळं जुळलं की रंगाने शिक्कामोर्तब.

इथे प्रामुख्याने ग्रेटर क्रेस्टेड टर्न म्हणजे मोठ्या तुरेवाल्या सुरयाचा विचार केला आहे. शास्त्रीय नाव थॅलॅसियस बर्गी. यातलं बर्गी हे कार्ल हाइनरिश बर्गियस या प्रशियन औषधशास्त्रज्ञाच्या नावावरून आलं. त्याने केपटाऊनजवळ या पक्ष्याचे पहिले नमुने गोळा केले, आणि १८२३ मध्ये लिश्टेनस्टाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने प्रजातीचं वर्णन केलं. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून तांबडा समुद्र, हिंदी महासागर, ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागराच्या पश्चिम भागापर्यंत तो सापडतो. इतका मोठा पसारा असल्यामुळे त्याच्या पाठीचा रंग सगळीकडे सारखा नसतो, हे पुढे उपयोगी पडेल.

सुरय की कुरव (म्हणजे गल), ही पहिली पायरी पटकन उरकते. सुरय उडताना चोच पाण्याकडे झुकवून खाली पाहत जातो, कुरव समोर पाहत जातो. सुरयाचे पंख अरुंद आणि टोकदार, शेपूट दुभंगलेली, पाय इतके आखूड की बसलेला पक्षी जमिनीला चिकटल्यासारखा वाटतो. कुरव पाण्यावर तासन् तास तरंगतो, सुरय क्वचितच पाण्यावर बसतो. लांबवर पाण्यात बसलेला पांढरा थवा दिसला तर तो बहुधा कुरवांचाच.

कधी जायचं, कुठे उभं राहायचं

ओहोटीला गेलात तर पक्षी मैलभर पसरलेले असतात. भरती चढू लागली की वाळूचे दांडे, खडक एकामागून एक पाण्याखाली जातात आणि सगळे सुरय उरलेल्या कोरड्या तुकड्यावर दाटीने बसतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत चांगले. भरती-ओहोटीचं कोष्टक आदल्या दिवशी पाहून ठेवावं. त्यातही अशी वेळ निवडावी की सूर्य तुमच्या पाठीशी असेल. सूर्य समोर असला तर सगळे सुरय काळे दिसतात आणि पुढचं काहीच उपयोगाचं राहत नाही.

वाऱ्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. बसलेले सुरय नेहमी वाऱ्याला तोंड करून बसतात, नाहीतर वारा पिसांत शिरून ती उलटी फुगवतो. वारा समुद्राकडून येत असेल आणि तुम्ही जमिनीच्या बाजूला उभे असाल तर तुम्हाला शंभर पाठी आणि शंभर माना दिसतील, कपाळ एकही नाही. अशा वेळी जवळ जाऊ नये, बाजूला सरकावं. किनाऱ्याने शे-दोनशे पावलं चालून अशा जागी यावं की तुमची नजर वाऱ्याला काटकोनात जाईल. मग प्रत्येक पक्षी बाजूने दिसतो, म्हणजे कपाळ, चोच, तुरा आणि पाय एकाच वेळी दिसतात.

८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण पुरते. दूरच्या थव्यासाठी २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप तिवईवर असेल तर सोनं. मात्र ऊन चढल्यावर तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते आणि ६० पटीत नुसती लाट दिसते. तेव्हा ३० पटीवर यावं. चित्र लहान दिसेल, पण स्पष्ट दिसेल.

आकार

मोठा तुरेवाला ४६ ते ४९ सेंमी लांब, पंखविस्तार १२५ ते १३० सेंमी. लहान तुरेवाला, म्हणजे लेसर क्रेस्टेड टर्न, जेमतेम ३५ ते ४० सेंमी, पंखविस्तार ८८ ते १०५ सेंमी. वजनात फरक आणखी जाणवतो: मोठा साधारण ३२५ ते ४०० ग्रॅम, लहान २०० ग्रॅमच्या आसपास. शेजारी शेजारी बसले तर हा फरक लपत नाही. मोठा लांबट, जाड मानेचा आणि भारदस्त दिसतो, लहान सडपातळ.

एकट्या पक्ष्याच्या आकारावर मात्र विसंबू नये. स्कोपमधून पाहताना एक दृष्टिभ्रम होतो. दोन सारख्याच पक्ष्यांपैकी मागचा पक्षी मोठा भासतो, कारण भिंगातून अंतर दाबलं जातं. म्हणून तुलना करायची ती त्याच ओळीत, त्याच अंतरावर बसलेल्या पक्ष्याशी. सोबत काळ्या किंवा तपकिरी डोक्याचे कुरव असतील तर छान मापदंड मिळतो: मोठा तुरेवाला त्यांच्याहून लांब भरतो, लहान तुरेवाला काळ्या डोक्याच्या कुरवाएवढा किंवा थोडा लहान.

कपाळ

विणीच्या पिसाऱ्यात ही खूण एकटी पुरेशी आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. दोघांच्याही डोक्यावर काळी टोपी असते आणि मानेवर विस्कटलेला तुरा. लहान तुरेवाल्याची काळी टोपी थेट चोचीच्या मुळापर्यंत येऊन टेकते. मोठ्या तुरेवाल्याची टोपी चोचीला कधीच टेकत नाही. भर विणीच्या हंगामातही चोच आणि टोपी यांच्यामध्ये पांढरी पट्टी राहतेच. बाजूने पाहिलं की ती स्वच्छ दिसते, जणू टोपी थोडी मागे सरकवून घातली आहे.

स्कोप एका पक्ष्यावर स्थिर करा आणि चोचीच्या वरच्या कडेने नजर मागे न्या. पिवळं, मग पांढरं, मग काळं असा क्रम असेल तर मोठा. नारिंगी आणि त्याला लागून लगेच काळं असेल तर लहान. पक्षी अंग घासत असेल, मान खाली घातली असेल तर थांबा. मिनिटभरात तो मान वर करतोच.

अडचण सुरू होते विणीचा हंगाम संपल्यावर. टोपीची पुढची काळी पिसं गळतात आणि दोघांचंही कपाळ पांढरं होतं. मोठ्याच्या माथ्यावर तेव्हा पांढऱ्यावर काळे ठिपके-रेघोट्या राहतात आणि काळेपणा डोळ्यामागून मानेकडे जातो. लहान तुरेवाल्याचं कपाळ आणि माथा जास्त स्वच्छ पांढरा, आणि डोळ्यामागची काळी पट्टी जास्त ठसठशीत. पण मधल्या अवस्थेतले पक्षी पुष्कळ असतात. पांढऱ्या कपाळाचा प्रत्येक पक्षी मोठा तुरेवाला म्हणून लिहिणं ही दुसरी नेहमीची चूक. या दिवसांत कपाळाचा कौल बाजूला ठेवायचा आणि आकार, चोचीची ठेवण आणि पाठ यांवर भर द्यायचा.

चोच आणि पाठ

मोठ्या तुरेवाल्याची चोच साधारण ६ सेंमी लांब, मुळाशी जाड आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेली. हा झोक थोडासाच असतो, पण एकदा डोळ्यात बसला की दुरूनही कळतो. लहान तुरेवाल्याची चोच त्या मानाने बारीक आणि सरळ. रंग बघायचाच तर मोठ्याची चोच लिंबाच्या सालीसारखी, बऱ्याचदा हिरवट झाक असलेली, आणि लहानाची संत्र्याच्या सालीसारखी.

पाठीच्या बाबतीत प्रदेश लक्षात घ्यावा लागतो. तांबड्या समुद्रापासून उत्तर हिंदी महासागरापर्यंत आढळणारी वेलॉक्स ही उपजाती सर्वांत गडद, राखेसारखी करडी असते. लहान तुरेवाल्याच्या शेजारी ती बसली की पाठींतला फरक दुर्बिणीशिवायही दिसतो. ऑस्ट्रेलियाकडची क्रिस्टेटस फिकी, आणि पश्चिम हिंदी महासागरातली थॅलॅसिना आणखी फिकी. म्हणजे एका किनाऱ्यावर शिकलेला पाठीचा रंग दुसऱ्या किनाऱ्यावर जसाच्या तसा वापरता येत नाही.

पाय दोघांचेही काळे. ही खूण या जोडीत कामाची नाही, पण पुढच्या एका घोटाळ्यात फार कामाची आहे.

पहिल्या वर्षाचे पक्षी

तरुण मोठा तुरेवाला पहिल्यांदा पाहिला की वेगळीच प्रजाती वाटते. पंखांवर गडद पट्टे: एक पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटाजवळ, आणि दुसरा मागच्या कडेच्या पिसांवर. उडताना वरून पंख चट्टेरीपट्टेरी दिसतो. पाठीवर तपकिरी खवले, चोच मळकट पिवळी. लहान तुरेवाल्याच्या पिल्लांतही असे पट्टे असतात पण फिके.

वय ठरवायला वागणूक रंगापेक्षा भरवशाची. उडायला लागल्यावरही ही पिल्लं महिनोन्महिने आईबापांच्या मागे असतात, सुमारे चार महिन्यांची होईपर्यंत त्यांच्याकडूनच खातात. एखादा पक्षी खांदे आवळून, मान खाली घालून, बारीक शीळ घालत दुसऱ्याच्या मागे मागे चालत असेल तर तो तरुण, आणि ज्याच्या मागे तो लागला आहे तो त्याचा पालक. मग पालकाचं कपाळ आणि चोच तपासा, पिल्लाची प्रजाती आपोआप ठरते. अडलेल्या पक्ष्यासाठी ही युक्ती फार वेळा कामी येते.

उडणाऱ्या प्रौढ पक्ष्याच्या पंखांच्या टोकांना काळसर पाचर दिसली तर ती प्रजातीची खूण समजू नये. सुरयांच्या उड्डाणपिसांवर नवी असताना चंदेरी लव असते. ती झिजली की खालचा गडद रंग उघडा पडतो. जुन्या आणि नव्या पिसांच्या सीमेवर ही पाचर उमटते. ती किती गडद आहे यावरून पिसं किती जुनी आहेत ते कळतं, एवढंच.

ज्यांच्याशी गल्लत होते ते

नदी सुरय हा सर्वांत फसवा, कारण त्याचीही चोच पिवळी. त्याची टोपी चोचीपर्यंत सलग काळी असते, तुरा नसतो, आणि पाय लाल असतात. तो गोड्या पाण्याचा पक्षी, नदीच्या मुखाशी मात्र दोघे भेटू शकतात. तिथे आधी पाय पाहावेत: काळे की लाल, प्रश्न मिटला.

कॅस्पियन सुरय आकाराने मोठ्या तुरेवाल्याच्याही वर, ४८ ते ६० सेंमी. चोच जाडजूड, गाजरासारखी लाल, टोकाशी काळपट. उडताना पंखांच्या टोकांची खालची बाजू गडद दिसते. हा एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही. सँडविच सुरयाची चोच काळी आणि टोक तेवढं पिवळं. दुरून ते टोक दिसत नाही आणि चोच आखूड वाटते. त्याची कंबर पांढरी, लहान तुरेवाल्याची फिकी करडी, त्यामुळे दोघांना उडताना पाठीमागून पाहिलं तर फायदा होतो. गल-बिल्ड टर्न काळ्या, आखूड, जाड चोचीचा आणि बिनतुऱ्याचा. तो पाण्यात सूर मारत नाही, चिखलावरून खालून उडत खेकडे आणि किडे उचलतो. छोटा सुरय २१ ते २५ सेंमीचा, पिवळ्या चोचीला काळं टोक. त्याची गल्लत व्हायचं कारण एकच, थवा दूर असणं आणि शेजारी मापाला कुणी नसणं.

सवयी कशा पाहायच्या

बसलेल्या थव्याचं काम झालं की एक उडता पक्षी निवडा आणि १० मिनिटं त्यालाच धरून ठेवा. मोठा तुरेवाला ताठ, सावकाश, खोल पंखांनी उडतो, चोच खाली. पाण्यावर काही मीटर उंचीवरून जाताना एकदम थबकतो, वळतो, पंख अर्धे मिटतो आणि डोक्यावर पडल्यासारखा पाण्यात शिरतो. तो फार खोल जात नाही, मीटरभर खोलीपर्यंतच. क्षणात बाहेर येतो, अंग झटकतो, आणि मासा लहान असेल तर उडता उडताच गिळतो. गिळताना मान मागे झटकली तर सूर यशस्वी. नुसतं अंग झटकून पुन्हा वर गेला तर हुकला. हे दोन झटके वेगळे ओळखायला थोडी सवय लागते, आणि ती नसेल तर यशाचा आकडा भलताच फुगतो.

वहीत चार गोष्टी लिहा: किती सूर, त्यातले किती यशस्वी, किती वेळा शेवटच्या क्षणी बेत बदलून वर गेला, आणि पाणी कसं होतं. बेत बदलण्याचा आकडा कुणी लिहीत नाही, पण गढूळ आणि खवळलेल्या पाण्यात तो वाढतो का, हे त्यातूनच समजतं.

पक्षी मासा न गिळता चोचीत धरून सरळ रेषेत चालला असेल तर त्याची पाठ सोडू नका. तो पिल्लाकडे किंवा जोडीदाराकडे जातो आहे. माशाची लांबी चोचीच्या मापाने काढता येते: चोच सुमारे ६ सेंमी, मासा दीड चोच लांब असेल तर ९ सेंमीच्या आसपास. मासा आडवा धरलेला असतो, त्यामुळे पक्षी अगदी बाजूने दिसत असताना तो आखूड भासतो. मासा खाली लोंबलेला दिसेल तो क्षण पकडावा किंवा फोटोवरून मोजावं. वाटेत कुरव किंवा फ्रिगेट पक्षी त्याचा पाठलाग करून मासा टाकायला लावतात. असं दिसलं तर तेही लिहावं.

वाळूवर एक पक्षी मासा चोचीत घेऊन दुसऱ्याभोवती तोऱ्यात फिरतो आहे, पंख खाली सोडले आहेत, मान उंचावली आहे, तुरा फुलला आहे, तर तो नर आहे आणि मादीला मासा देऊ करतो आहे. मादी मासा लगेच घेत नाही. कधी तो तसाच घेऊन पुन्हा उडतो आणि दुसरा पक्षी त्याच्या मागोमाग उंच जातो. विणीच्या हंगामाची चाहूल कपाळाच्या आधी या वागण्यातून लागते.

वसाहती बहुतेक बेटांवर, उघड्या सपाट जमिनीवर, चोच पोचेल एवढ्याच अंतरावर एकमेकांना खेटून. लक्षद्वीपमधलं पिट्टी बेट अशा समुद्रपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंडं सहसा एक, कधी दोन, फिक्या रंगावर काळपट रेघोट्यांचं, आणि प्रत्येक अंड्याची नक्षी वेगळी. नर-मादी दोघेही २५ ते ३० दिवस उबवतात. पिल्लं ३८ ते ४० दिवसांत उडू लागतात, त्याआधी घरट्यातून बाहेर पडून घोळका करतात. प्रत्येक पालक त्या घोळक्यातून आवाजावरून आपलंच पिल्लू शोधतो. प्रौढाचा आवाज खरखरीत, *केर्रक्* असा, पिल्लाची शीळ बारीक. हे दोन आवाज कानात बसले की दाटीतही कोण कुणाला बोलावतं आहे ते उमगतं.

वसाहतीत पाऊल टाकू नये. माणूस जवळ गेला की सगळे एकदम उठतात, आणि त्या दोन-तीन मिनिटांत टपून बसलेले कुरव अंडी उचलतात. उघड्यावर राहिलेलं अंडं किंवा पिल्लू उन्हात तापतं. ड्रोनचाही तोच परिणाम. विश्रांती घेणाऱ्या थव्याजवळ जाताना पक्ष्यांकडे बघत जावं: माना वर झाल्या की थांबायचं, काही पक्षी वाऱ्याकडे चालू लागले की दोन पावलं मागे. थवा उडालाच तर अंतर चुकलं, तिथे पुन्हा जवळ जायचा प्रयत्न करू नये.

थवा शेवटपर्यंत का चाळायचा

मोठ्या तुरेवाल्यांचा थवा दिसला की पहिले दहा पक्षी ओळखून पुढे जाऊ नका. चायनीज क्रेस्टेड टर्न ही प्रजाती १९३७ नंतर जवळजवळ नाहीशी झाल्यासारखी होती. २००० साली ती तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर विणीला आलेली सापडली, तीही मोठ्या तुरेवाल्यांच्याच वसाहतीत, त्यांच्यात मिसळून. पुढे २०१३ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर लाकडी-प्लास्टिकचे नकली सुरय मांडून आणि आवाज वाजवून दोन्ही प्रजातींना पुन्हा वसवण्यात आलं. त्या पक्ष्याची पाठ फिकी आणि चोच पिवळी-नारिंगी असून टोक काळं. पूर्व आशियातल्या थव्यात असा एक पक्षी शेकड्यांमध्ये बसलेला असू शकतो, आणि तो फक्त शेवटपर्यंत चाळणाऱ्यालाच दिसतो. चाळताना स्कोप डावीकडून उजवीकडे, एका वेळी दहा-दहाच्या गटाने सरकवावा.

फोटो आणि नोंद

काळ्या समुद्रासमोर पांढरा सुरय असला की कॅमेरा फसतो आणि पक्षी भाजून निघाल्यासारखा पांढराफट्ट येतो. कपाळाची पट्टी आणि पाठीचा रंग दोन्ही जातात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, सूर्यप्रकाशावर ठेवावा. ऑटोवर एकाच पक्ष्याची चोच दोन फोटोंत दोन रंगांची येते, आणि मग वाद सुरू होतात. सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान.

पायात रंगीत किंवा धातूची कडी दिसली तर कोणत्या पायात, वर की खाली, रंग आणि अक्षरं लिहून फोटो काढा आणि पक्ष्यांना कडी घालणाऱ्या संस्थेकडे कळवा. नोंदीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वाऱ्याची दिशा, सूर्य कुठे होता, पक्ष्यांची संख्या आणि पिसाऱ्याची अवस्था हवी. ज्या खुणा खरोखर दिसल्या त्याच लिहाव्यात: कपाळ दिसलं नसेल तर कपाळ दिसलं नाही असं लिहावं. दूरवर उन्हाच्या झळांत बसलेल्या वीस पक्ष्यांपैकी बारांचंच कपाळ दिसलं असेल तर बारा मोठे तुरेवाले आणि आठ तुरेवाले सुरय, प्रजाती ठरली नाही, अशी नोंद करावी.